हातखर्चाला किती न्यायचे?

ताई: अरे कोणीतरी नीट सांगा रे, आम्ही चौघं जातोय नऊ दिवस, पाच दिवस इटली आणि चार दिवस स्वित्झर्लंड, विमान आणि हॉटेल बुक झालंय पण हातखर्चाला किती न्यायचे तेच कळेना. कोणी म्हणतं माणशी दिवसाला पन्नास युरो पुरे, कोणी म्हणतं दीडशे तरी हवेतच

काका: दोघं खरंच सांगत असतील. पन्नासवाल्याने तिकिटं, पास सगळं आधीच भरलं असेल आणि दीडशेवाल्याने तिथे जाऊन भरलं असेल. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नकोस. आधी सांग तुमचं काय काय भरून झालंय?

ताई: हॉटेलात नाश्ता आहे. इटलीतल्या ट्रेन झाल्या. स्विसचा ट्रेन-बसचा पास राहिलाय

वहिनी: ताई तो पास निघायच्या आधीच घ्या, हातखर्चात धरूच नका. आणि घेताना फॅमिली कार्ड मागा, आईवडिलांकडे पास असेल तर बरोबरच्या १६ वर्षांखालच्या मुलांना वेगळं तिकीट लागत नाही, तुमची दोघं त्यात बसतात. फक्त युंगफ्राउयोखला, म्हणजे त्या बर्फाच्या डोंगरावर, जाणार असाल तर तो पास पूर्ण चालत नाही, वरच्या टप्प्याला नुसती सवलत मिळते, ते पैसे वेगळे धरा

वहिनी: आणि अजून एक, आमचं जे झालं ते तुमचं होऊ नये म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी हॉटेलने कार्डवर डिपॉझिटची मोठी रक्कम अडकवून ठेवली, पैसे कापले नव्हते पण वापरताही येईनात, आणि आम्ही सगळा हातखर्च त्याच एका कार्डावर भरलेला. रूम सोडल्यावरही मोकळे व्हायला बरेच दिवस लागले. पुढचे दोन दिवस मी प्रत्येक बिलाला घाबरत होते. तेव्हा डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या आणि रोजच्या खर्चाचं कार्ड त्यापासून लांब ठेवा. शिवाय इटलीत बऱ्याच शहरांत माणशी दर रात्रीचा सिटी टॅक्स हॉटेलात वेगळा भरावा लागतो, बुकिंग पूर्ण भरलेलं असलं तरी. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी सूट असते, वय विचारून घ्या

ताई: बाप रे हे कोणीच बोललं नव्हतं

मावशी: अगं पण कॅश किती न्यायची? मला तर कार्डाचा भरवसाच वाटत नाही

दादा: मावशी थोडी पुरते. इटलीत ३० जून २०२२ पासून कार्ड नाकारलं तर दुकानदाराला दंड आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये तर जवळपास सगळीकडे चालतं. कॅश लागते ती स्टेशनवरच्या टॉयलेटला, बाजारात, छोट्यामोठ्या गोष्टींना. मी म्हणेन एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा, त्यातही छोट्या नोटा, २०० किंवा ५०० युरोची नोट दुकानदार बऱ्याचदा घेतच नाही

दादा: आणि ताई दुकानातल्या कार्ड मशीनवर किंवा एटीएमवर विचारतील की तुमच्या चलनात रक्कम दाखवू का, तेव्हा नाही म्हणायचं, तिथलंच चलन निवडायचं. आपल्या चलनातला आकडा बघून बरं वाटतं पण त्यात त्यांचा रेट वाईट असतो, दर वेळी थोडं थोडं जातं ते शेवटी खूप होतं. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश मात्र काढूच नको, फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून

काका: स्विसमध्ये युरो घेतात बऱ्याच ठिकाणी पण सुट्टे फ्रँकमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, देतात आणि रेट त्यांचा. चार दिवसांना थोडे फ्रँक वेगळे घे. नाणी मात्र तिथेच संपव, परत आल्यावर कोणी बदलून देत नाही

आत्या: माझ्याकडे मागच्या खेपेचे फ्रँक आहेत गं कपाटात, ते घेऊन जा

दादा: आत्या कधीचे आहेत? जुन्या मालिकेच्या नोटा ३० एप्रिल २०२१ ला चलनातून काढल्या, दुकानात नाही घेणार

आत्या: अरे देवा, मग फुकट गेले की

दादा: नाही नाही, तिथल्या नॅशनल बँकेत बदलून मिळतात, बर्नला आणि झुरिकला, त्याला मुदत नाही

ताई: आम्ही झुरिकहूनच परतणार आहोत 😊 बरं मग मी असं धरते, दोन वेळचं जेवण चौघांचं, सिटी टॅक्स, डोंगरावरचं ते एक तिकीट, आणि किरकोळ. खरेदी?

वहिनी: खरेदीला वेगळा आकडा ठरवा आणि मुलांना आधीच सांगा. आमच्याकडे जेवणाच्या पैशातून खरेदी झाली आणि शेवटचे दोन दिवस सँडविचवर. जेवणात हात आखडू नका, दिवसभर चालून मुलं थकतात. पाणी मात्र विकत घेऊ नका, रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नळ आहेत आणि स्विसच्या कारंज्यांचंही चालतं, जिथे पिऊ नका लिहिलंय तेवढं सोडून

काका: आणि अडीअडचणीचे पैसे या हिशोबात धरायचेच नाहीत बरं का. ते वेगळ्या कार्डावर, आणि ते कार्ड जावईबापूंच्या बॅगेत, तुझ्या पर्समध्ये नाही. पर्स गेली तर सगळं एकदम जायला नको. चौघांचं एका रात्रीचं हॉटेल आणि घरी यायचं तिकीट निघेल एवढे त्यात असूदेत

ताई: हो काका, दोन कार्ड आहेत, एक त्यांच्याकडे देते. आत्या तेवढा नोटांचा फोटो टाक ना, दोन्ही बाजूंचा, म्हणजे दादा बघून सांगेल कुठल्या आहेत

आत्या: चष्मा शोधते आणि टाकते