पुराच्या मदतीची वही अन् ब्लॉकचेन

ए-२०३: सेक्रेटरी काका, २०१९ च्या पुरात कुणी गाळ काढला, कुणी डबे पोचवले, ती यादी देता का? स्मरणिकेत छापू.

सेक्रेटरी: यादी वहीत होती. वही तळमजल्यावरच्या ऑफिसात. सांगलीत आयर्विन पुलाला ५७ फुटांवर पाणी गेलं, आता कृष्णामाईलाच विचारा.

ए-४०२: म्हणूनच म्हणतोय, पुढच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवू.

बी-१०४: बिटकॉइन? नको रे बाबा.

ए-४०२: काकू, कॉइन घ्यायचंच नाही. नोंदींचे ब्लॉक असतात, प्रत्येकात आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे मजकुरावरनं गणितानं काढलेला ठसा. मागची एक नोंद फिरवली तरी पुढची सगळी साखळी जुळत नाही. शिवाय प्रती जगभरच्या कॉम्प्युटरवर, एका पुरात सगळ्या भिजायच्या नाहीत. गडचिरोलीत एटापल्लीला जातीच्या दाखल्यांसाठी २०२२ मध्ये हेच वापरलंय.

बी-१०४: आणि न आलेल्याचं नाव चढलं तर?

ए-४०२: कायमचं. दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते, जुनी पुसता येत नाही.

बी-१०४: छान! फावडं कुणी मारलं अन् फोटोपुरतं कुणी धरलं, हे त्या साखळीला काय कळतंय?

ए-४०२: नाहीच कळत. त्याला तिथं हजर असलेल्या दोघांच्या सह्या लागतील.

सी-३०१: वकील म्हणून सांगते, नावं आणि फोन नंबर असल्या ठिकाणी टाकूच नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे. तिथून कशी पुसणार?

ए-४०२: वहिनी, नावं चेनवर जातच नाहीत. यादीची पीडीएफ आपल्याकडे, चेनवर फक्त तिचा हॅश, आकडे-अक्षरं मिळून ६४. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाच्या ऑनलाइन सेवेवर फुकट होतं. पीडीएफमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश जुळणार नाही.

सेक्रेटरी: म्हणजे यादी परत आपल्याकडंच?

ए-४०२: हो.

सेक्रेटरी: अन् ती गेली तर हॅशवरनं परत काढता येते?

ए-४०२: नाही काका. यादी असेल तरच ती बदलली नाही एवढं सिद्ध होतं.

सेक्रेटरी: मग माझी वही बुडाली त्याला तुझा इलाज काय झाला रे लेका?

ए-२०३: पीडीएफ चौघांच्या ड्राइव्हवर ठेवा, वही तिसऱ्या मजल्यावर न्या. हॅशचं हा करू दे, फुकटच आहे तर.

सी-३०१: चालेल. यादीत नाव घालण्याआधी ज्याचं त्याला विचारा मात्र.

बी-२०१: माझं घालू नका. डबे सूनबाईनं केले, मी नुसते पोचवले.

सेक्रेटरी: तिचं घालतो अण्णा. पण नियम म्हणजे नियम, दोन साक्षीदार लागतील.

बी-२०१: एक मी. दुसरे तुम्हीच की, दोन दिवस कोण जेवत होतं?