टाकीचा सेन्सर, घरातले स्विच: वाय-फाय, झिग्बी की झेड-वेव्ह?

(सोसायटीचा ग्रुप, औसा रोड, लातूर)

कुलकर्णी सर (सचिव): नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या टाकीला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवायची दोन कोटेशनं आलीत. एक वाय-फायवाला, दुसरा लोरावाला (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ). दोघंही वायरलेसच म्हणायलेत. शिवाय बी विंगमधल्या दोन-तीन घरांत स्मार्ट स्विच बसवायचं चाललंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा, रविवारच्या मीटिंगआधी ठरवून टाकू.

देशमुख काका (ए-१०२): माझं एकच म्हणणं. मागच्या उन्हाळ्यात टाकी भरून पाणी रात्रभर गच्चीवरून वाहत होतं. टँकरचं विकतचं पाणी होतं ते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. जे बसवाल ते पक्कं बसवा.

शिंदे वहिनी (बी-२०३): आमच्याकडं वाय-फायचे बल्ब आहेत. एरवी चांगले चालतात, पण नेट गेलं की मोबाईलला दाद देत नाहीत. आणि रात्री लाईट जाऊन परत आली की सगळे आपोआप लागतात. लेकरू दचकून उठतं. हे वाय-फायमुळं होतं का?

अमोल (बी-३०१): वहिनी, आपोआप लागणं हा वाय-फायचा दोष नाही. भिंतीवरचं बटण चालूच असतं, त्यामुळं वीज परत आली की बल्बला ते बटण दाबल्यासारखंच वाटतं. ॲपमध्ये वीज आल्यावर काय करायचं याची सेटिंग बहुतेक बल्बांना असते, ती 'आधी होतं तसं' वर ठेवा. झिग्बी या दुसऱ्या रेडिओवरच्या बल्बांनाही हेच लागू आहे.

नेट गेल्यावर बंद पडणं मात्र त्या कंपनीनं बल्ब कसा बनवलाय त्यावर आहे. तुमच्या मोबाईलचा हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून तुमच्याच हॉलमध्ये परत येतो. राऊटर चालू आहे, बल्ब समोर आहे, तरी मधली बाहेरची वाट तुटली की संपलं. वाय-फायवरच घरातल्या घरात चालणारी उपकरणंही मिळतात. म्हणून विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: नेट नसताना चालतं का?

शेख भाई (ए-४०१): अमोलभाऊ, मी वायरिंगचं काम करतो, मला रोज विचारतात. झिग्बी घ्यायचं का वाय-फाय? हल्ली मॅटर मॅटर पण म्हणायलेत. एकदा नीट मांडा बरं.

अमोल (बी-३०१): मांडतो, जरा लांब होईल.

वाय-फायला वेगळा हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणारा डबा, लागत नाही, स्वस्त पडतं. पण प्रत्येक बल्ब, प्रत्येक स्विच थेट राऊटरला चिकटतो. साध्या राऊटरला पंचवीस-तीस उपकरणं जड जातात. बॅटरीही लवकर खातं, त्यामुळं दाराचा किंवा पाणीगळतीचा छोटा सेन्सर वाय-फायवर घेऊच नका.

झिग्बी त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पण वेग मुद्दाम कमी, सेकंदाला २५० किलोबिट. बल्ब चालू-बंद करायला तेवढा भरपूर झाला. नाण्याएवढ्या सेलवर दाराचा सेन्सर वर्षभर सहज जातो. आणि यात मेश असते: विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण पुढच्याचा निरोप पुढं ढकलतं, टँकरवरून हंडे हातोहात द्यावेत तसं. बॅटरीवरची उपकरणं हे काम करत नाहीत, ती फक्त आपला निरोप देतात.

झेड-वेव्ह हजार मेगाहर्ट्झच्या खालचं आहे, भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ. भिंतीतून जास्त चांगलं जातं आणि वाय-फायच्या गर्दीत येत नाही. जुन्या पद्धतीच्या जाळ्यात २३२ उपकरणांची मर्यादा आहे, घराला ती कधी लागत नाही. अडचण इथल्या बाजाराची आहे. भारताच्या फ्रिक्वेन्सीचा माल कमी मिळतो आणि महाग मिळतो.

थ्रेड हा आणखी एक प्रकार. त्याचा रेडिओ झिग्बीसारखाच, पण त्यात प्रत्येक उपकरणाला आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेटवर असतो तसा, पत्ता असतो. थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडायला बॉर्डर राऊटर लागतो.

मॅटर हा रेडिओ नाहीच, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मॅटर ही उपकरणांची आपसातली बोलायची भाषा आहे, ती वाय-फाय, थ्रेड किंवा केबलवरून बोलली जाते. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ला आली. झिग्बी सांभाळणारी संघटनाच नाव बदलून हे काम बघते. फायदा असा की एकाच स्विचला वेगवेगळ्या कंपन्यांची ॲपं चालतात आणि हुकूम घरातल्या घरात राहतो. डब्यावर नुसतं मॅटर लिहिलं म्हणून भागत नाही, खाली थ्रेड आहे का वाय-फाय ते बघावंच लागतं.

शिंदे वहिनी (बी-२०३): माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणायलाय, तिकडून झेड-वेव्हचे स्विच घेऊन येतो, स्वस्त पडतील.

अमोल (बी-३०१): वहिनी, त्याला आजच फोन करून नको म्हणा. अमेरिकेतलं झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झवर चालतं. आपल्याकडं ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाईल कंपन्यांचा आहे, आपले फोन टॉवरशी त्यातूनही बोलतात. परवान्याशिवाय तिथं वापरायला परवानगी नाही. इथं घेतलेल्या हबशी ते जुळणारही नाहीत. वर तिकडं ११० ते १२० व्होल्ट. काही आणायचंच असलं तर बॅटरीवरचे झिग्बी सेन्सर आणू द्या, २.४ सगळीकडं सारखंच.

देशमुख काका (ए-१०२): लाईट गेल्यावर हे सगळं काय करतं ते सांगा. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट जाणारच.

अमोल (बी-३०१): काका, मला मुख्य हेच सांगायचं होतं. कोणता प्रोटोकॉल चांगला हे यूट्यूबवर परदेशातल्या घरांसाठी सांगतात, तिथं लाईट जाणं धरतच नाहीत. आपण उलटीकडून विचार करायला हवा: लाईट आणि नेट दोन्ही गेल्यावर काय चालू राहायला पाहिजे?

आमच्या घरचं सांगतो. स्वयंपाकघरात सिंकखाली पाणीगळतीचा सेन्सर आहे, बॅटरीवरचा, झिग्बी. हब हॉलमध्ये, इन्व्हर्टरवर. मधल्या पॅसेजमधला स्मार्ट प्लग निरोप पुढं ढकलायचा, आणि तो प्लग होता गिझरच्या लाईनवर. लाईट गेली की हब जिवंत, सेन्सर जिवंत, मधला मात्र मेला. सेन्सर हबपर्यंत पोचतच नव्हता. तो प्लग काढून इन्व्हर्टरच्या लाईनवरच्या सॉकेटात लावला तेव्हा जमलं. म्हणून शेख भाई, तुम्ही ज्यांच्याकडं झिग्बी किंवा थ्रेड बसवाल त्यांना आधी हे विचारा: इन्व्हर्टरची लाईन कुठून कुठं फिरवलीय? हब, राऊटर आणि मधली दोन-तीन उपकरणं त्याच लाईनवर हवीत.

शेख भाई (ए-४०१): हे बरोबर बोललात. आणि न्यूट्रलचं, म्हणजे परतीच्या वायरचं, काय? बऱ्याच कंपन्या म्हणतात न्यूट्रल लागत नाही.

अमोल (बी-३०१): आपल्या बिल्डिंगमध्ये बहुतेक बोर्डांत सॉकेट आहे, म्हणजे न्यूट्रल आहेच. अडचण फक्त जिन्यातल्या आणि बाथरूमबाहेरच्या नुसत्या बटणांच्या बोर्डात येते. बिनन्यूट्रलचे झिग्बी स्विच सहसा निरोप पुढं ढकलत नाहीत. त्यामुळं जिथं न्यूट्रल आहे तिथं न्यूट्रलवालाच लावा.

आणि बल्बऐवजी स्विच स्मार्ट करा. घरात पाहुणे येतात, आजी बटण दाबून बल्ब बंद करते, बल्बची वीजच तुटते आणि मेशमधला एक दुवा गेला. स्विच स्मार्ट असला की आजीचं बटण आजीचंच राहतं.

कुलकर्णी सर (सचिव): छान. आता टाकीवर या.

अमोल (बी-३०१): सर, टाकी गच्चीवर, मोटर खाली पार्किंगमध्ये, मधे चार स्लॅब. २.४ गिगाहर्ट्झ काँक्रीट आणि सळयांतून अशक्त होत जातं. वाय-फायवाला म्हणेल मधे सिग्नल पुढं नेणारा एक्स्टेंडर लावू, पण तो लावायचा कुणाच्या घरात? त्यांनी गावाला जाताना मेन बंद केला तर? लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, त्या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. वेग अगदी कमी, पण टाकी किती भरली एवढंच तर सांगायचंय. माझं मत लोराला.

पण अट एक. निरोप यायचा थांबला तर मोटर आपोआप बंद झाली पाहिजे. 'सिग्नल नाही म्हणजे होती तशीच चालू' असं असेल तर पुन्हा पाणी गच्चीवरून. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. संपमधलं (जमिनीतल्या टाकीतलं) पाणी संपलं तर मोटर कोरडी चालू नये, त्यासाठी खाली वेगळा सेन्सर, आणि तो तारेचा. मोटरशेजारीच आहे, तिथं वायरलेसची गरजच नाही.

देशमुख काका (ए-१०२): आणि बायपासचं बटण? सगळं बिघडलं तर हातानं मोटर लावता आली पाहिजे.

अमोल (बी-३०१): हवंच काका. स्टार्टरवर ऑटो आणि मॅन्युअल असा निवडीचा स्विच. त्याच्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

शेख भाई (ए-४०१): गच्चीवरचा सेन्सर उन्हात भाजून निघतो. मे मधे टाकीवर हात ठेववत नाही. डबी सावलीत लावायला सांगा. सोलरवरचा असला तर पॅनल वर, बॅटरी खाली.

शिंदे वहिनी (बी-२०३): अमोल, मग आमच्या घरात शेवटी काय घेऊ? बल्ब आहेतच वाय-फायचे.

अमोल (बी-३०१): आहेत ते राहू द्या. नवीन स्विच झिग्बीचे घ्या, हब असा घ्या जो जुनी झिग्बी उपकरणं मॅटरमध्ये दाखवतो आणि नेट नसताना चालतो. थ्रेडसाठी थांबलात तरी चालेल, पण आपल्या बोर्डांच्या मापाचे थ्रेडचे स्विच अजून फारसे दिसत नाहीत. बसवताना एक करा: तुमचा राऊटर २.४ वर १ नंबरच्या चॅनलवर ठेवा आणि झिग्बीला २० किंवा २५ द्या. दोघांच्या चॅनलचे आकडे वेगवेगळे आहेत, त्यात गोंधळू नका. नंतर बदलायला गेलात तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, म्हणून आधीच ठरवा.

कुलकर्णी सर (सचिव): मग रविवारी लोरावाल्याला बोलावतो. अमोल, सिग्नल तुटल्यावर मोटर बंद, ऑटो-मॅन्युअल स्विच, संपला तारेचा सेन्सर, फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६७, हे चार मुद्दे मला लिहून पाठवा. शेख भाई, तुम्ही तेव्हा पार्किंगमध्ये थांबा, त्याला आपल्यासमोर गच्चीवरचा सेन्सर बंद करून दाखवायला लावू.

शेख भाई (ए-४०१): थांबतो सर. मोटर किती वेळात बंद पडते ते घड्याळ लावूनच बघू.