मदत हवी आहे: पहिलारू विणार आहे, वासराला चीक किती आणि कधी पाजायचा?

मंडळी, नमस्कार.

गोठ्यात सध्या दोन गाभण गाई आहेत. एक चांगली तीन-चार वेतांची, दुसरी पहिलारू. मोठी आधी विणार असं दिसतंय, पहिलारूची कास आत्ता कुठे भरायला लागली आहे. धारा काढणं, वैरणकाडी हे माझ्या हातचं आहे, पण नवं वासरू आतापर्यंत घरातली मोठी माणसं बघायची. यावेळी ते माझ्याकडे आलंय, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

एक म्हणतो, चीक जास्त झाला की वासरू हगतं, म्हणून अर्धा-अर्धा लिटरच द्या. दुसरा म्हणतो, जार (वार) पडल्याशिवाय सडाला तोंड लावू देऊ नका. तिसऱ्याचं म्हणणं, वासरू आपलं आपण पितं तेवढं पुरे, तुम्ही कशाला मध्ये पडता? शिवाय पहिलारूचा चीक कमी आणि पातळ असतो असंही ऐकलं. तसं असेल तर मोठ्या गाईचा उरलेला चीक ठेवून चालेल का? चीक संपल्यावर दूध किती आणि खुराक कधी सुरू करायचा, तेही सांगा.

डॉक्टर बोलावले की येतात. पण गाय मध्यरात्री व्याली तर पहिले काही तास माझे मलाच निभवायचे आहेत.

प्रतिसाद

ताई, जारेची वाट अजिबात बघू नका. ती पडायला बारा तास लागले तरी काळजीचं कारण नसतं, आणि तेवढ्यात वासराची सगळ्यात मोलाची वेळ हातची जाते. उलट वासरू सडाला लागलं की गाय पान्हवते, आणि पान्हा सोडायला लावणाऱ्या त्याच संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावायला मदत होते. म्हणजे पाजल्याने झाला तर फायदाच.

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण 'का' हे कळलं की 'किती' आणि 'कधी' आपोआप कळतं.

गाईच्या वारेची रचनाच अशी असते की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, पोटातल्या वासराकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची शिदोरी सगळी चिकात असते. आता गंमत अशी की ही मोठी प्रथिनं अखंड शोषून घेणारं आतडं फार थोडा वेळ उघडं असतं. पहिल्या दोन-चार तासांत शोषण उत्तम होतं, सहा तासांनंतर झपाट्याने कमी होतं आणि चोवीस तासांत दार बंद. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी तो पोषण म्हणून कामी येतो, पण प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत.

म्हणून वासराच्या वजनाच्या साधारण दहा टक्के चीक, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि उशिरात उशिरा चार तासांच्या आत. वासरू 35 ते 40 किलोचं असेल तर साडेतीन ते चार लिटर. एका दमात प्यायलं नाही तर थोडं थांबून पुन्हा द्या. मग आठ ते बारा तासांनी आणखी दोन लिटर. अर्धा लिटरवाला सल्ला सोडून द्या. हगवण चिकाच्या मापाने होत नाही. घाण भांड्याने, ओल्या बिछान्याने आणि चीक उशिरा मिळाल्याने होते.

गाय व्याली की चीकही लवकर काढा, तासा-दोन तासांत. जितका उशीर, तितकी कासेत नव्या दुधाची भर पडते आणि चीक पातळ होतो. घट्ट-पिवळा म्हणजे चांगला हा अंदाज पुष्कळदा फसतो. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे चिकाचा कस मोजायचं छोटं यंत्र, मिळाला तर त्यावर चिकाचा एक थेंब टाका. 22 ब्रिक्स (त्या यंत्राचं माप) किंवा वर आला तर पहिल्या पाजणीला उत्तम, 18 च्या खाली आला तर दुसऱ्या गाईचा वापरा. पहिलारूचा वाईटच असतो असं नाही, मोजून ठरवा.

आणि नाळ विसरू नका. सात टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनमध्ये नाळेचं टोक पूर्ण बुडवा. नुसतं शिंपडून भागत नाही.

प्रतिसाद

डॉक्टर, तुमचा मान राखून सांगतो, एवढं मोजमाप लागतं का? आमच्याकडे वासरं सरळ आईला पितात. चांगली टणटणीत असतात.

प्रतिसाद

(वरचाच पशुवैद्य)

टणटणीत असतात ती असतातच. वासरू लगेच उठलं, गाय शांत उभी राहिली आणि सड तोंडाशी आले, तर काम होतं. पण मोठ्या वेताच्या गाईची कास लोंबलेली असते. वासरू वरच ढुशा देत राहतं, पुढच्या पायांमध्ये शोधतं आणि सड मात्र गुडघ्याखाली. अशा वेळी ते अर्धा तास चोखताना दिसतं आणि पोटात पाव लिटरही जात नाही. ओढून काढलेलं वासरू तर दमलेलंच असतं. आईजवळ जरूर ठेवा, चाटू द्या. फक्त पहिली पाजणी बाटलीने करा, म्हणजे किती गेलं ते कळतं.

बाटली धरताना वासराची मान कासेला लागल्यासारखी किंचित वर हवी, आभाळाकडे नको. चोखताना अन्ननलिकेच्या शेवटी एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्याला वगळून थेट चौथ्यात उतरतं. लवकर आटपावं म्हणून निपलचं भोक मोठं करू नका. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप आभार. मोठी गाय काल व्याली, गोऱ्हा झालाय. उठला, प्यायला, सगळं सुरळीत. चीक 25 ब्रिक्स भरला. बराच उरलाय. तो पहिलारूच्या वासरासाठी कसा ठेवू?

प्रतिसाद

काढला तसा लगेच गार करा. कोमट चिकात जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे भरवसा ठेवू नका. डीप फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांना वर्षभर टिकतो. एकेक लिटरच्या चपट्या पिशव्या करा. जाड बरणीत गोठवला तर वितळायला इतका वेळ लागतो की वासरू ताटकळत राहतं. पिशवीवर तारीख आणि ब्रिक्स लिहा.

वितळवताना पाणी 50 अंशांच्या वर नको. गॅसवर ठेवला तर गठ्ठे होतात आणि प्रतिपिंडं गेली. पाजताना चीक 38-39 अंश, म्हणजे वासराच्या अंगाइतका. बोटावर अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर लावा. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका. आणि दगडी (कासेची सूज) झालेल्या, रक्ताळलेल्या किंवा आजारी गाईचा चीक कधीच साठवू नका.

धागाकर्ती

पहिलारू आज पहाटे व्याली. कालवड आहे, पण वासरू मोठं होतं, ओढावं लागलं. आता छातीवर बसलंय, अंग कोरडं केलंय, पण कान गार लागतात. आईचा चीक जेमतेम दोन लिटर निघाला, 17 ब्रिक्स. म्हणून मोठ्या गाईचा गोठवलेला कोमट करून दिला. दीड लिटर प्यायली आणि निपल तोंडात धरून नुसती बसली आहे. तोंडातून नळी घालून पोटात सोडू का?

प्रतिसाद

(पशुवैद्य)

चीक बदललात ते योग्य केलंत. नळी लगेच नको. आधी तोंडात बोट घालून बघा. तोंड उबदार आहे आणि बोट ओढून चोखते आहे, तर तासाभराने पुन्हा बाटली द्या. तोवर कोरड्या पोत्याने पाठ-बरगड्या खसखसून चोळा आणि ऊब द्या. अंग गार असलं की चोखायची इच्छाच होत नाही. वासराचं तापमान 38.5 ते 39.5 हवं.

दोन तासांनीही चोखत नसेल तर नळीने देणं भाग आहे, कारण वेळ थांबत नाही. पण पहिल्यांदा करताना शिकलेल्या माणसाच्या समोरच करा. नळी आत गेल्यावर गळ्यावरून हात फिरवला की दोन नळ्या हाताला लागायला हव्यात: एक कड्याकड्यांची श्वासनलिका, दुसरी तुमची. एकच लागली किंवा वासरू खोकलं, तर ओढून बाहेर काढा आणि एक थेंबही सोडू नका.

धागाकर्ती

नळीची गरज पडली नाही. चोळलं, ऊब दिली, तासाभरात स्वतःच बाटलीला ढुश्या द्यायला लागली. अजून दोन लिटर गेला. रात्रीचे दोन लिटरही घेतले.

आता पुढचं सांगा. दूध किती?

प्रतिसाद

पहिले दोन-तीन दिवस आईचंच दूध द्या, चिकातून दुधात बदलतानाचं. रक्तात शोषलं गेलं नाही तरी ते आतड्याच्या आतल्या थराला राखतं. विक्रीच्या दुधात ते मिसळायचं नसतंच, तर वासराला पाजा.

पुढे जुना हिशेब वजनाच्या दहा टक्के. माझं स्पष्ट मत, तेवढ्यावर वासरू जगतं, वाढत नाही. 15 टक्क्यांकडे हळूहळू न्या, 40 किलोला सहा लिटर, शक्य असेल तर तीन वेळा विभागून. थंडीत तर कमी करायचा विचारही नको. वेळ आणि तापमान रोज तेच ठेवा. मिल्क रिप्लेसर (दुधाऐवजी पाण्यात कालवून द्यायची पावडर) असेल तर पाकिटावरचंच प्रमाण, बहुतेकांचं लिटरला 125 ते 150 ग्रॅम असतं. पावडर पुरवायची म्हणून पाणी वाढवू नका.

स्वच्छ पाणी पहिल्या दिवसांपासून समोर ठेवा. 'दूध पितंय की' म्हणून लोक पाणी टाळतात, पण दूध खाचेतून चौथ्या पोटात जातं आणि पाणी पहिल्या पोटात. तिथे पाणी नसेल तर खुराक आंबणार कसा? काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा दाणेदार खुराक, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मूठभर, रोज ताजा. दूध पिऊन झाल्या झाल्या तोंडात चार दाणे ठेवा. त्याच वेळी चोखायची हुक्की असते आणि एकमेकांच्या नाळा-कान चोखणंही कमी होतं. दाण्याच्या आंबण्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांनी पहिल्या पोटाचं आतलं अस्तर वाढतं. नुसत्या चाऱ्याने पोट फुगतं, अस्तर तेवढं वाढत नाही. दूध तोडायचं ते वयावर नाही, खाण्यावर: सलग तीन दिवस किलो-सव्वा किलो स्टार्टर खाल्लं की हळूहळू.

प्रतिसाद

मध्येच विचारतो, म्हशीच्या रेडकालाही हेच का?

प्रतिसाद

चिकाचं सगळं तेच. एक जास्तीचं: रेडकात मोठे गोल जंत आईच्या दुधातून येतात. दहा ते चौदा दिवसांचं झालं की डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या, पोट सुटायची वाट बघू नका.

धागाकर्ती

पुन्हा मीच. कालवड दुसऱ्या आठवड्यात आहे. आज सकाळी शेण पाण्यासारखं पिवळं, शेपूट भरलेली. दूध पिते, पण नेहमीच्या जोराने नाही. घरात सगळे म्हणतात दूध बंद करा. करू?

प्रतिसाद

(पशुवैद्य)

नाही. दूध तोडलं तर ती हगवणीने नाही, उपासाने खंगेल. दूध चालू ठेवा, लागल्यास थोडं-थोडं जास्त वेळा. दोन दुधांच्या मध्ये, दोन तासांचं अंतर ठेवून, जनावरांच्या इलेक्ट्रोलाइटचं दोन लिटर कोमट पाणी वेगळं द्या. दुधात मिसळू नका, काहींमध्ये सोडा असतो, त्याने दूध पोटात नीट फाटत नाही. मनाने अँटिबायोटिक नको, या वयात बहुतेक वेळा विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असतो.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली तर ठीक. उभीच राहिली, डोळे खोल गेले, तोंड गार पडलं, चोखणं थांबलं किंवा शेणात रक्त दिसलं, तर तोंडावाटे पुरत नाही, शिरेतून सलाइन लागेल. तेव्हा इथे न विचारता थेट डॉक्टरांना फोन करा. आणि तिला आजच गोऱ्ह्यापासून वेगळी बांधा. तिची बाटली वेगळी, पाजणीही तिची शेवटी.

धागाकर्ती

कातडी लगेच बसते, बोट चोखते. वेगळी बांधली, पाणी पाजलं. डॉक्टर संध्याकाळी शेण तपासायला येतायत.