अनुभव धागा : सीडीवरून ब्राउझरात, तुमच्या कामाचं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले, म्हणून घरचा जुना कॉम्प्युटर पुसून नव्याने लावायला घेतला. पूर्वी या कामात अख्खा रविवार जायचा. सीड्यांची चळत, डब्यावरचे सिरियल नंबर, ड्रायव्हर, फॉन्ट, अँटिव्हायरस. यावेळी ब्राउझर टाकला, दोन-तीन ठिकाणी लॉगिन केलं आणि पुढे टाकायला काही उरलंच नाही. जीमेल २००४च्या १ एप्रिलला आलं तेव्हा एक जीबी जागा फुकट म्हणजे एप्रिल फूल असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. आता टपाल, हिशेब, फोटो, लेखन सगळं पलीकडे कुठेतरी.

ज्यांच्या धंद्यात किंवा नोकरीत हा बदल झाला त्यांनी लिहा. "किती सोय झाली" एवढंच नको, ते सगळ्यांना माहीत आहे. कोणाचं काम गेलं, कोणाचं वाढलं, ते जरा तपशिलात येऊ द्या.

डोंगलधारी

डीटीपी (छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणं), सांगली. पेजमेकर हा पानं लावायचा प्रोग्रॅम आणि मराठीचं सॉफ्टवेअर यावर आमचं घर चाललं. सीपीयूच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे मराठी सॉफ्टवेअरची किल्लीवजा डबी लावलेली, आणि डोंगलच्या पाठीत प्रिंटरची केबल. डोंगल जरा हलला की मराठी बंद. मालक रात्री तो काढून रोकडीबरोबर गल्ल्यात ठेवायचे.

खरं दुखणं फॉन्टचं. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. श्रीलिपीत केलेला मजकूर आकृतीवाल्याकडे गेला की पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची खिचडी. त्यामुळे लेखकाने हस्तलिखित आणायचं आणि आम्ही ते पहिल्यापासून टाइप करायचं, हाच रिवाज. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरमांडणीत, देवनागरी १९९१पासून आहे, पण पेजमेकरला ते कळतच नव्हतं, मग आम्ही तरी कशाला बघतोय! बदल आणला तो गिऱ्हाइकांनी. आधी ईमेलमधून, मग गुगल डॉक्सवर मजकूर स्वतः टाइप करून पाठवायला लागले. पानामागे मिळणारे टायपिंगचे पैसे गेले. दुकानातल्या दोन्ही टायपिस्ट मुलींना दुसरीकडे काम शोधावं लागलं, हे सोय-सोय म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

दिवाळी अंकाचं काम मात्र सुधारलं. संपादक, लेखक, मुद्रितशोधक तिघं एकाच फायलीत, कोणी काय खोडलं ते दिसतं. नवीन ताप असा की आम्ही पानं लावायला घेतली तरी लेखक तिकडे शब्द बदलत बसतो आणि वर "मी कालच दुरुस्त केलंय" म्हणून ऐकवतो. आता मजकूर उचलला की आधी सगळ्यांची दुरुस्तीची मुभा काढून घेतो.

बॅचफाइल

मी पलीकडच्या बाजूचा, सॉफ्टवेअर लिहिणारा. सुरुवात व्हीबी ६ (विंडोजचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) मध्ये यंत्रमागवाल्यांसाठी बिलिंग करण्यापासून. इचलकरंजीत गिऱ्हाइकं, मी पुण्यात. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट आला तेव्हा प्रत्येक दुकानी जाऊन नवी फाइल टाकावी लागली. सीडी, एसटी आणि लॉज. तिथे गेल्यावर कळायचं की कोणीतरी दुसरं सॉफ्टवेअर टाकलंय, त्याने आमची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) पुसून स्वतःची बसवलीय, आणि आमचं बिल आता उघडतच नाही. पण जेवल्याशिवाय कोणी सोडायचं नाही. आणि जेवताना खरी माहिती मिळायची: मुनीम आमचा स्टॉकचा रिपोर्ट बघतच नाही, वहीतच लिहितो.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला तोवर आम्ही वेबवर गेलो होतो. रात्री सर्व्हरवर एकदा बदल केला, सकाळी सगळ्यांना नवं बिल. एसटी नाही, लॉज नाही. पण पूर्वी चूक झाली तर ती एका दुकानापुरती, आणि त्या दुकानात मागची आवृत्ती जपलेली असायची. आता चूक झाली की दहा वाजता सगळ्यांचे फोन एकदम. शिवाय बटण डावीकडून उजवीकडे नेलं तरी गिऱ्हाइकाला निवड नाही. पूर्वी एखादा म्हणायचा, "राहू दे ते जुनंच, चांगलं चाललंय." तो हक्क गेला, आणि तो आम्हीच काढून घेतला.

मुनिमांची वही? ती अजून आहे, असं ऐकतो. खात्री करायला आता जाणंच होत नाही.

रेषामारुती

घरांचे नकाशे काढतो. आमच्याकडे बदल वेगळाच, प्रोग्रॅम अजून कॉम्प्युटरवरच आहे, फक्त मालकी गेली. फोटोशॉपवाल्या ॲडोबीने २०१३मध्ये जाहीर केलं की सीएस६ या संचाच्या पुढे वर्गणीच, ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०१६मध्ये कायमचे परवाने विकणं थांबवलं. पूर्वी कामं मंदावली की आम्ही जुन्या आवृत्तीवर वर्षं ढकलायचो. आता काम असो नसो, भाडं सुरू.

बॅचफाइल

@रेषामारुती, रागावू नका, पण अस्सल परवान्याचा डबा विकत घेणारे होते किती? निम्म्या महाराष्ट्राचा ऑटोकॅड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, चोरीच्या सीडीवर आला. भाड्याची पद्धत आली त्याला तीही एक बाजू आहे.

रेषामारुती

मान्य. माझा डबा होता, म्हणून जास्त दुखतं.

पिग्मी

पतसंस्थेत निवृत्तीपर्यंत नोकरी. आमचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोतलं (जुनी डेटाबेस पद्धत), काळा पडदा, डॉट मॅट्रिक्स. संध्याकाळी रोकड जुळली की "डे एंड" करायचा, बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि मॅनेजर तो घरी न्यायचे. रोकड जुळली नाही तर कोणी घरी जायचं नाही, मॅनेजरसुद्धा.

पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एजंटाकडे छोटं मशिन असायचं. सकाळी आम्ही त्यात खातेदारांच्या शिलका भरून द्यायचो, दिवसभर तो बाजारात फिरून पैसे गोळा करायचा, चिठ्ठ्या छापायचा, आणि दुसऱ्या दिवशी मशिन केबलला लावून रकमा उतरवून घ्यायच्या. मधल्या रात्री ते पैसे कागदावर एजंटाच्या खिशातच! नवीन वेब सॉफ्टवेअर आलं तसं एजंटाच्या फोनवर ॲप आलं. भाजीवालीने पन्नास रुपये दिले की तिच्या मोबाइलवर तिथेच मेसेज. माझ्या मते आमच्या संस्थेत संगणक आल्यापासून गरिबाच्या उपयोगाची झालेली पहिली गोष्ट ही. दोन एजंटांनी लगेच काम सोडलं. का सोडलं ते मी लिहीत नाही, समजून घ्या.

वाईट काय, तर नेट गेलं की काउंटर बंद. फॉक्सप्रोला नेट लागत नव्हतं, यूपीएसवर तासभर रेटायचं. आता पावसाळ्यात कुठे केबल तुटली की आम्ही पावती हाताने फाडायची आणि नंतर चढवायची. म्हणून खतावणी लिहिता येणारा एक माणूस अजून ठेवलाय.

बांधावरून

ठाण्यात नोकरी, शेती गावाकडे. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा निघतो. १५ रुपये भरायचे, उतारा हजर. पीककर्जासाठी पूर्वी एक रजा आणि तलाठी भेटतो की नाही याची धाकधूक. आता घरबसल्या मिळतो, पण उताऱ्यात नाव चुकलेलं असेल तर ते सुधारायला गावालाच जावं लागतं. वडिलांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घ्यायचीय, कागद गोळा करतोय.

नावेजमा

करसल्लागारांकडे नोकरी. आमच्याकडे उलटं चित्र: विवरणपत्रं ऑनलाइन, पण हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्येच, टेबलावरच्या मशिनवर. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं, डेटा माझ्या दुकानात राहू दे. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायचं, ९ला पार्टी पेन ड्राइव्ह घेऊन येते. कधी तो पेन ड्राइव्ह मोकळाच असतो.

रद्दीतली पानं

@डोंगलधारी, वडिलांचं एक पुस्तक १९९८मध्ये टाइप केलेलं फ्लॉपीत आहे. छापील प्रत एकच. फाइल उघडली तर तीच खिचडी. काही करता येईल का?

डोंगलधारी

@रद्दीतली पानं, येईल. आधी फॉन्टचं नाव शोधा, फॉन्ट टाकला की निदान वाचता येईल. मग त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, दुसऱ्याचा चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे "स्थिती"सारख्या जोडाक्षरी शब्दांत वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. रफारही बघा, "सूर्य"चा "सूय" होतो. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागेल. फ्लॉपी ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे एक चालू आहे, सांगलीला आलात तर घेऊन या.