लॉसलेस कॉम्प्रेशनला ‘संक्षेप’ चालेल का?

खानापूरहून : नमस्कार मंडळी, पोरांच्या प्रोजेक्टचं माहितीपत्रक मराठीत लिहूलोय. कणकुंबीकडं पाऊस मोजायचं यंत्र ठेवायचं आणि तिथनं लोरा रेडिओवरनं (लांबवर, पण थोडीच माहिती पाठवणारा रेडिओ) आकडे खाली पाठवायचे असं आहे. त्यात दर दोन ओळींनी ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ येतंय, म्हणजे काहीही न गमावता माहिती लहान करणं. एकानं ‘संक्षेप’ लिहिलंय, दुसरा ‘संपीडन’ म्हणतोय. कन्नड शाळेतली पोरंपण वाचणार, सोपं काय तरी सांगा की.

टिळकवाडी : संक्षेप नको हो सर. संक्षेपात आपण गाळतो, बातमीचा संक्षेप वाचून मूळ बातमी शब्दन्‌शब्द उभी करता येत नाही. लॉसलेसमध्ये बिट न् बिट परत मिळाला पाहिजे. फोटो जेपेग केला की बारकावे कायमचे गेले, तिथं म्हणा हवं तर, पण पीएनजी आणि झिपला ते लागू नाही.

निपाणीहून : संपीडन चुकीचं नाही, पण त्याचं उलटं ‘विसंपीडन’ एकदा मोठ्यानं म्हणून बघा! त्यापेक्षा ‘घडी घालणे’ आणि ‘घडी उलगडणे’, दोन्ही क्रियापदं आयती आहेत. आणि लॉसलेसला ‘हानिरहित’ नको, विम्याचे कागद वाचल्यासारखं वाटतं. आमच्याकडं तंबाखू वाळून वजन उतरलं की व्यापारी ‘तूट’ म्हणतात, म्हणून ‘बिनतूट’.

टिळकवाडी : बिनतूट झकास. घडीबद्दल मात्र शंका आहे. धोतराची घडी घातली तरी कापड तेवढंच राहतं, इथं तर बाइटच कमी होतात.

खानापूरहून : हो, आमचंच घ्या की. मोजणीचा आकडा १२०४, १२०४, १२०४, १२०६, १२११ असा चढत जातो. प्रत्येकी २ बाइट म्हटलं तर १० झाले. त्याऐवजी पहिला आकडा पूर्ण आणि पुढं फक्त फरक १-१ बाइटात पाठवला, ०, ०, २, ५, की ६ बाइटात काम भागतं आणि पलीकडं पाचही आकडे जसेच्या तसे उभे राहतात. फक्त एक सांभाळायचं, फरक मागच्या पॅकेटवर (म्हणजे एका वेळी पाठवलेल्या गठ्ठ्यावर) टांगून ठेवायचा नाही, मधलं एक हवेत गेलं की पुढचे सगळे आकडे खोटे. म्हणून प्रत्येक पॅकेटची सुरुवात पूर्ण आकड्यानं.

शहापूर : आकड्यांचं ठीक आहे, मजकुराचं बघा. लोरावॅनच्या (लोरा रेडिओवर चालणाऱ्या नेटवर्कच्या) भारतातल्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात सगळ्यात हळू वेगाला एका पॅकेटात ५१ बाइटच मावतात. ‘कणकुंबीत पाऊस’ एवढंच लिहिलं तरी यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटात लिहायची नेहमीची पद्धत) ३७, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ३-३ बाइट खातं (कन्नडचंही तेच). बरं, म्हणून जीझिप (झिपचाच भाऊ) लावलं तर त्याचं डोकं-शेपूटच १८ बाइट, म्हणजे ३७ चे पन्नासच्या वर जातात! लहान मेसेजला झिप म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला. युनिकोडचीच एससीएसयू म्हणून पद्धत आहे, ती सुरुवातीला ‘आता देवनागरी’ अशी १ बाइटची खूण देते आणि पुढं प्रत्येक चिन्हाला १ बाइट, सगळं मिळून १४. शिवाय अर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डात रॅम २ केबी, आणि एलझेड४ ही आवळायची पद्धत फास्ट असली तरी तिचं नेहमीचं टेबलच १६ केबी मागतं, ते विसरा. लहान बोर्डांसाठीचं हीटश्रिंक बघा, ३०० बाइट रॅमच्या आत चालतं.

खानापूरहून : भारी. आणि दोन्हीकडं आधीच ठेवलेल्या डिक्शनरीला, म्हणजे नेहमी येणाऱ्या मजकुराच्या यादीला, काय म्हणू? शब्दकोश म्हटलं की पोरं अर्थ शोधायला लागतील.

टिळकवाडी : ‘ठरावयादी’ म्हणा. जुन्या तारेत असायची ना, लग्नाच्या शुभेच्छांना नंबर ठरलेले, तारेवरनं नुसता नंबर जायचा आणि पलीकडं पूर्ण वाक्य लिहून मिळायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, पण वडीलधाऱ्यांना लगेच कळेल. यात गाळलं काहीच नाही, दोघांना आधीच माहीत असलेलं परत पाठवलं नाही, एवढंच. घडीत नेमकं हेच येत नाही.

निपाणीहून : मान्य, घडी मागं घेतो. पण उलगडणे राहू दे.

खानापूरहून : मग वर ‘बिनतूट कॉम्प्रेशन’, आत ‘आवळणे’ आणि ‘उलगडणे’ असं लिहितो. ठरावयादी पण घेतली. राहिलं पॅकेट.

शहापूर : पॅकेट पॅकेटच असू दे, ‘पुडी’ लिहिलात तर निपाणीवाले चुना मागतील.