रॉडच्या इन्व्हर्टरवर किंवा तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर आर्गन वेल्डिंग जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तासगावच्या बाजूला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. गेट, ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती, अशी एमएसची (साध्या लोखंडाची) कामं वडिलांपासून चालत आली. आता बेदाणावाल्यांना धुण्याचे टब, चाळण्या, हॉपर सगळं एसएस 304 (स्टेनलेस स्टील) मध्ये हवंय. पत्रा 1.2 ते 2 एमएम. 2 एमएमला बारीक एसएस रॉड कसाबसा चालतो, 1.2 ला भोकच पडतं. वर स्लॅग काढून बफिंग करण्यात जो वेळ जातो त्यात मजुरी सुटत नाही. सध्या हे जोड बाहेरून आर्गनवाल्याकडून करून आणतो. तो देणार त्याच्या सवडीने, आणि गिऱ्हाईक उभं आमच्या दारात.

घरात दोन मशीन आहेत. एक 200 अँपिअरचा सिंगल फेज इन्व्हर्टर, निव्वळ रॉडचा. पुढे करंटचा नॉब, आर्क फोर्सचा नॉब, प्लस-मायनसची सॉकेट, बस. टिगचं (म्हणजे आर्गन वेल्डिंगचं) बटण नाही, गॅसची नळी जोडायला जागा नाही. दुसरा वडिलांच्या वेळचा टू फेज तेलाचा ट्रान्सफॉर्मर, एसी. त्याचा सगळ्यात खालचा टॅप साधारण 60 अँपिअरचा.

वडील म्हणतात, इन्व्हर्टर आज आहे उद्या नाही, जे काय जोडायचं ते ट्रान्सफॉर्मरला जोड. एक मित्र म्हणतो, जुन्या बाजारातून एचएफचा (न टेकवता ठिणगीने आर्क पेटवणारा हाय फ्रिक्वेन्सीचा) डबा आण आणि इन्व्हर्टरला लाव, टंगस्टन (टॉर्चमधली आर्क धरणारी कांडी) पत्र्याला टेकवायलाच नको. कोणाचं ऐकू? नवीन टिग मशीन या सीझनला शक्य नाही. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर काय काय घ्यावं लागेल तेही सांगा.

प्रतिसाद १ : निळी_ज्योत

दादा, इन्व्हर्टर घ्या आणि निवांत कामाला लागा. एसएसला डीसी लागतं, ते तुमच्याकडे आहे. कमी पडतंय ते फक्त टॉर्च आणि गॅस.

व्हॉल्व्हवाली टॉर्च मागा, 17व्ही किंवा 26व्ही. मुठीजवळ गॅसची चकती असते, हाताने उघडायची, हाताने बंद करायची. 17 नंबर तुमच्या पत्र्याला पुरते आणि हातात हलकी पडते. घेताना पिन बघून घ्या. मशीनच्या सॉकेटमध्ये बसणारी हवी (लहान आणि मोठी अशा दोन मापांच्या येतात), आणि गॅसची नळी पिनपासून वेगळी निघून थेट रेग्युलेटरला जाणारी हवी.

टॉर्च मायनसला, अर्थ प्लसला. रॉडच्या सवयीने होल्डरच्या जागी प्लसमध्ये खोचलीत तर टंगस्टनचं टोक काही क्षणात गोळा होऊन वितळेल, कारण उष्णतेचा मोठा वाटा प्लसच्या बाजूला जातो.

आर्क फोर्स पूर्ण शून्यावर. हे कोणी सांगत नाही आणि लोक टॉर्चला दोष देतात. रॉड चिकटायला लागला की व्होल्टेज पडतं आणि मशीन करंट वाढवून तो सोडवतं, हे आर्क फोर्सचं काम. टंगस्टन टेकवताना नेमकं तेच उलटं पडतं: टेकलं की करंट वाढतो आणि टोक पत्र्यातच रुततं. हॉट स्टार्ट (सुरुवातीला क्षणभर जादा करंट) बंद करता येत असेल तर तोही करा. व्हीआरडी (शॉक बसू नये म्हणूनची सोय) असेल तर आर्क लागायला त्रास होईल, कारण मोकळं व्होल्टेजच तो खाली आणून ठेवतो.

सुरुवात जोडावर नको. शेजारी तांब्याची पट्टी ठेवा, काडी ओढल्यासारखं तिच्यावर हलकं घासा आणि आर्क लागली की जोडावर सरका. तांब्याला टंगस्टन सहसा चिकटत नाही.

टंगस्टन 1.6 एमएम, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथेनमवालं. लाल टोकाच्यात थोरियम असतं, किरणोत्सर्गी. ग्राइंडरला त्याची धूळ नाकात कशाला घ्या? धार लांबीच्या दिशेने काढा, आडवी नको, नाहीतर आर्क भरकटते. त्या दगडावर दुसरं काही घासू नका.

करंट एमएसला पत्र्याच्या दर मिलिमीटरला 40 अँपिअर धरा, एसएसला त्याहून थोडा कमी. म्हणजे 1.2 ला 40 च्या आसपास. फिलर (जोडात भरायची तार) 304 ला 308एल, आणि एसएस एमएसच्या चौकटीला जोडायचं असेल तर 309एल.

प्रतिसाद २ : पॅनेलवाला

एचएफच्या डब्याबद्दल: रॉडच्या इन्व्हर्टरला तो लावू नका. मुद्दाम वेगळं लिहितोय. त्यातून हजारो व्होल्टच्या ठिणग्या निघतात. टिगच्या मशीनमध्ये त्या आउटपुटवरून मागे शिरू नयेत म्हणून आत कपॅसिटर आणि गाळणी बसवलेली असते. तुमच्या मशीनमध्ये ती नाही. डायोड किंवा कंट्रोल कार्ड गेलं तर ऐन सीझनमध्ये रॉडचं कामही बंद पडेल. तांब्याची पट्टी बरी.

प्रतिसाद ३ : वाइंडिंगवाला

वडिलांची बाजू मांडायला कोणीतरी हवं म्हणून लिहितोय. ट्रान्सफॉर्मर टिगला जोडता येतो. पण फुकटात होत नाही.

एसीची आर्क सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते. रॉडच्या लेपात पोटॅशियमची संयुगं असतात, ती वाफेतून वाट तापती ठेवतात, म्हणून तुमचा 6013 नंबरचा साधा रॉड त्या मशीनवर बिनतक्रार जळतो. आर्गनमधल्या नुसत्या टंगस्टनला तो आधार नाही, आर्क मरते. म्हणजे एकतर एचएफ सतत चालू ठेवायचा किंवा एसीचं डीसी करायचं.

डीसीसाठी चार जाड स्टड डायोडचा ब्रिज. एका वेळी दोन डायोड चालतात, प्रत्येकात साधारण एक व्होल्ट पडतो, म्हणजे 100 अँपिअरला 200 वॉटची नुसती उष्णता. मोठे हीटसिंक आणि पंखा आलाच. पुढे जाड तारेचा चोक (करंट सपाट ठेवणारी गुंडाळी), गाभ्यात फट ठेवलेला, नाहीतर करंट तरीही शून्याला शिवतो. हे सगळं मी बांधून देऊ शकेन. पण तुमचा खालचा टॅप 60 चा आणि काम 40 चं. तिथेच गाडी अडते.

ॲल्युमिनिअम करायचं असेल तर मात्र तो ट्रान्सफॉर्मर विकू नका. ॲल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्या पुढे. तो थर फोडायला एसीच लागतं, आणि हे तुमचा डीसी इन्व्हर्टर जन्मात करणार नाही. एसी आणि एचएफ, पण डबा बसवायचा तो जाणकाराकडून. पेसमेकरवाल्या माणसाला मग शॉपमध्ये येऊ द्यायचं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वडिलांना प्रतिसाद ३ वाचून दाखवला. "बघ, ॲल्युमिनिअमला हाच लागतो," एवढंच त्यांनी ऐकलं.

इन्व्हर्टरचं पक्कं केलं. दोन शंका. आमच्याकडे सीओटूचा सिलेंडर पडून आहे, तो चालेल का? आणि टबच्या आतल्या बाजूने जोड काळा, खडबडीत येतो अशी बाहेरच्या कामाबद्दल तक्रार आली होती. ते कशाने?

प्रतिसाद ४ : निळी_ज्योत

सीओटू नको, आर्गन-सीओटूचं मिश्रणही नको. टंगस्टन जळून जाईल. शुद्ध आर्गनच. 7 घनमीटरचा सिलेंडर मिनिटाला 8 लिटरने साधारण 14 तास वाहतो, आणि आर्क काही अखंड चालू नसते. 6 नंबरच्या नोजलला 7-8 लिटर पुरे. जास्त सोडला तर उलट हवा ओढली जाते. शॉपमधला पंखा बंद, सिलेंडर साखळीने बांधलेला. जोड संपवताना आर्क एकदम तोडू नका. फिलरचा एक थेंब जादा द्या, पटकन बाजूला सरका, आणि आर्क गेली तरी गॅस चालू ठेवून टॉर्च पाच-सात सेकंद तिथेच धरा. तुमच्याकडे पेडल नाही, त्यामुळे शेवटचा खड्डा तडकतो तो याच ठिकाणी.

काळं येतं ते मागच्या बाजूला हवा लागते म्हणून. नळीत किंवा बंद टबात मागूनही आर्गन सोडावा लागतो. सपाट पत्र्याला मागे तांब्याची जाड पट्टी घट्ट दाबून धरली तरी बराच फरक पडतो. खाण्याच्या वस्तूला लागणारा जोड फिकट पिवळसर रंगापर्यंत ठीक. राखाडी खरबरीत झाला की तिथे घाण अडकते आणि गंजही तिथूनच धरतो. पिकलिंग पेस्ट (जोडावरचा काळेपणा काढायची) लावणार असाल तर त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय डबा उघडू नका.

धागाकर्ता

17व्ही, 1.6 चं निळं टंगस्टन आणि आर्गनचं रेग्युलेटर सांगलीहून मागवतो. तांब्याची पट्टी वडिलांच्या भंगारात सापडली.