वेबसाइटचं टीएलएस (एचटीटीपीएसचं) सर्टिफिकेट कधी संपतंय ते बघायला उबुंटू सर्व्हरवर काय टाकावं?

कोकणकडा_०७
नमस्कार मंडळी. आमच्याकडे उबुंटूचे थोडे व्हीपीएस (भाड्याचे व्हर्च्युअल सर्व्हर) आहेत, सगळीकडे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि सर्टबॉट (सर्टिफिकेट आणून रिन्यू करणारं टूल), त्यातल्या एकावर पोस्टफिक्स-डव्हकॉटचा मेल सर्व्हर पण चालतो. आधी सर्टिफिकेट संपत आलं की सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा, तो ४ जून २०२५ पासून बंद झाला, म्हणजे आता आपलं आपणच बघायचं. एका मशीनवर प्रोमिथियस (मशीनचे आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारं) आधीपासून आहेत म्हणून डिस्कवरच्या सर्टिफिकेट फाइल वाचून तारखा देणारा एक्स५०९ सर्टिफिकेट एक्स्पोर्टर टाकून बघितला, पण तो वेगळ्या युजरने चालतो आणि लेट्सएन्क्रिप्टच्या लाइव्ह फोल्डरवर परमिशन डिनाइड देतोय. फोल्डरची परमिशन ७५५ (सगळ्यांना वाचता येईल अशी) करून टाकू का, की दुसरं काही बरं आहे? शिवाय एक ऑफिसमधलं पोर्टल आहे, त्याचं सर्टिफिकेट आमच्याच सीएचं (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) आहे, ते पण यात यायला पाहिजे.

टर्मिनलवाली
लाइव्ह आणि आर्काइव्ह दोन्ही फोल्डर सर्टबॉट ७०० (फक्त मालकाला उघडणारे) ठेवतो म्हणून ते येतंय. ७५५ केलं तर चालतं, सर्टबॉटच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलंय, कारण आताच्या व्हर्जनमध्ये प्रायव्हेट कीची फाइल ६०० (फक्त मालकाला वाचता येणारी) असते. पण जुन्या काळात इन्स्टॉल केलेलं मशीन असेल तर आर्काइव्हमधल्या की ६४४ (सगळ्यांना वाचता येणाऱ्या) असू शकतात, त्या आधी बघा आणि मगच फोल्डरला हात लावा.

पण खरं सांगू का, मी फाइल वाचणारं टूल या कामाला वापरूच नका म्हणेन. सर्टबॉटने नवीन सर्टिफिकेट आणून डिस्कवर ठेवलं तरी एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनंच देत राहतो, म्हणजे टूल म्हणणार सगळं मस्त आणि ब्राउझरमध्ये लोकांना लाल पान दिसणार. एनजिनएक्सचा प्लगइन वापरला तर रीलोड सर्टबॉट करतो, वेबरूट पद्धतीने घेतलं असेल तर डिप्लॉय हुक (रिन्यू झाल्यावर आपोआप चालणारी कमांड) आपण लिहायचा, आणि डव्हकॉट-पोस्टफिक्ससाठी तर लिहायचाच, ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे बाहेरून पोर्टला जाऊन विचारायचं, की बाबा तू आत्ता कोणतं सर्टिफिकेट देतोयस.

प्रोमिथियस आहेच तर असं बाहेरून तपासणारा ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर टाका, उबुंटूत एपीटीनेच येतो, पोर्ट ९११५. तो प्रोमिथियसच्या मशीनवरच ठेवा, प्रत्येक व्हीपीएसवर टाकायची गरज नाही. प्रोब एसएसएल अर्लिएस्ट सर्ट एक्स्पायरी नावाचं मेट्रिक (मोजलेला आकडा, इथे संपण्याची वेळ) देतो, त्यातून आत्ताची वेळ वजा केली की उरलेले सेकंद मिळतात. मेलसाठी टीसीपी मोड्यूलमध्ये (तपासणी कशी करायची त्याच्या सेटिंगमध्ये) स्टार्टटीएलएस, म्हणजे साधं कनेक्शन मध्येच सुरक्षित करायची कमांड, लिहायची सोय आहे.

रात्रपाळी
प्रोमिथियस नसलेलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी, एसएसएल-सर्ट-चेक नावाची साधी बॅश स्क्रिप्ट आहे, ती पण एपीटीत मिळते. एका फाइलमध्ये होस्ट आणि पोर्ट लिहायचे, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) टाकायची, संपत आलेल्यांचा मेल करते. फक्त बऱ्याच क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद असतो, तेव्हा स्क्रिप्ट रोज नीट चालते आणि मेल मात्र कुठेच पोचत नाही, म्हणून पोर्ट ५८७ वरून दुसऱ्या मेल सर्व्हरमार्फत पाठवायला रिले लावून घ्या. आणि क्रॉनच बंद पडला तर कळणार कसं, त्यासाठी शेवटी हेल्थचेक्स नावाच्या सेवेला एक पिंग टाका, पिंग आला नाही की ते ओरडतात.

कोकणकडा_०७
@टर्मिनलवाली ताई, ब्लॅकबॉक्स टाकला, वेबसाइट आणि मेल दोन्ही दिसायला लागले, खूप आभार! पण ऑफिसच्या पोर्टलचा प्रोब (तपासणी) फेल होतोय आणि तारीखच येत नाही, मेट्रिक गायब.

टर्मिनलवाली
तुमचा सीए त्या मशीनला ओळखीचा नाही म्हणून टीएलएस कनेक्शन आधीच तुटतंय, त्यामुळे तारखेपर्यंत गोष्ट जातच नाही. वेगळं मोड्यूल करा आणि टीएलएस कॉन्फिगमध्ये सीए फाइलचा पाथ द्या, व्हेरिफिकेशन बंद करू नका. हेच संपलेल्या सर्टिफिकेटचं पण होतं बरं का, संपलं की मेट्रिक जातं आणि ‘दिवस कमी उरले’ वाला अलर्ट आपोआप शांत होतो! म्हणून प्रोब सक्सेस हे मेट्रिक शून्य झालं (तपासणी फेल झाली) की वेगळा अलर्ट हवाच. एक्स्पायर्ड डॉट बॅडएसएसएल डॉट कॉम ही साइट मुद्दाम संपलेलं सर्टिफिकेट देते, ती थोडा वेळ टार्गेटमध्ये टाका आणि फोनवर अलर्ट खरंच येतोय का बघा.

डोंबिवली_फास्ट_लिनक्स
अलर्टचे दिवस किती ठेवले ते पण बघा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट सर्टबॉट ३० दिवस उरले की रिन्यू करतो, म्हणून अलर्टही ३० वर ठेवला तर उगाच वाजतो आणि लोक तो म्यूट करून टाकतात, २० बरा. पण हा आकडा कायमचा नाही. सीए/ब्राउझर फोरमच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या गटाच्या) ठरावाप्रमाणे सर्टिफिकेटचं कमाल आयुष्य १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. लेट्स एन्क्रिप्टही ४५ दिवसांवर येतंय, तेव्हा नवीन सर्टबॉट एक तृतीयांश आयुष्य उरलं की, म्हणजे १५ दिवसांवर रिन्यू करेल आणि तुमचा २० दिवसांचा अलर्ट दर वेळी वाजणार. तेव्हा १० वर आणा. ऑफिसच्या पोर्टलला हा नियम लागू नाही, आपला सीए आपले दिवस, पण तिथे रिन्यू हाताने होत असेल तर ४५ दिवस आधी अलर्ट ठेवा, सही करणारा माणूस रजेवर असू शकतो.